ती बाई कुठे उतरली

आमच्या मंडळाच्या श्राव्य ग्रंथालयात त्रेचाळीस पुस्तकं आहेत आणि त्यातल्या एकाचाही शेवट नाही. प्रत्येकाचं पहिलं प्रकरण मात्र आहे, खणखणीत आवाजात, मागे बासरी लावून वाचलेलं. दुसरं प्रकरण आजवर कुणी वाचलेलं नाही. हे मी मंडळाची सहचिटणीस म्हणून सांगते आहे, तेव्हा ऐकीव समजू नका.

असं का झालं ते कळायला आम्हा लोकांना ओळखावं लागेल. आम्ही म्हणजे सुरतेत बँका, शाळा आणि सरकारी कचेऱ्यांत आयुष्य काढून अडाजणला फ्लॅट घेऊन बसलेले मराठी लोक. आम्हाला कार्यक्रमाशिवाय काही म्हणजे काही करता येत नाही. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, आभार. एखाद्याला ठसका लागला तर पाणी देण्याआधी आम्ही पाणी देणाऱ्याचा परिचय करून देऊ.

तीन वर्षांपूर्वी आमचे अध्यक्ष अभिजीतराव दाभोळे यांनी भाषणात सांगितलं की वाचनसंस्कृती तळागाळापर्यंत पोचली पाहिजे. तळागाळ म्हणजे उधना, लिंबायत, कोसाड इथले खानदेशी कामगार, शिवाय अंध आणि वृद्ध. अभिजीतराव स्वतः तिथे कधी गेले नव्हते. कुणाला काय ऐकायचं आहे हेही कुणी विचारलं नाही. पण योजना तशी चांगली होती, हे मी मान्य करते. साध्या बटणांच्या फोनवरून एक नंबर फिरवायचा, पुस्तकाचा आकडा दाबायचा आणि फुकट ऐकायचं.

मग प्रत्येक पुस्तकाचं पहिलं प्रकरण ध्वनिमुद्रित झालं की त्याचा लोकार्पण सोहळा व्हायचा. वाचकाला शाल, प्रमुख पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी ग्रंथभेट, बटाटेवडा, फोटो. सोहळा झाला की पुढचा वाचक, पुढचं पुस्तक, पुढचं पहिलं प्रकरण. दुसऱ्या प्रकरणाला शाल नव्हती, म्हणून दुसरं प्रकरण नव्हतं.

बरं, पहिलं प्रकरण तरी पटकन सुरू व्हावं. तेही नाही. फोन लावला की आधी सात मिनिटं नावं. संकल्पना अमुक, मार्गदर्शन तमुक, ध्वनिमुद्रण मंदार, संगीत संयोजन पुन्हा मंदार, कै. अमक्यांच्या स्मरणार्थ, विशेष आभार. बिचारा ऐकणारा भाजी निवडून, फोडणीला टाकून परत येईल तेव्हा कुठे कादंबरी सुरू व्हायची.

यातलं एक नंबरचं पुस्तक मी वाचलेलं आहे. लपवण्यात अर्थ नाही, ते सगळं पुढे येणारच आहे. कादंबरी जुनी, लेखक वारलेले. त्यांच्या मुलीने परवानगी दिली आणि जवळची एकुलती एक प्रतही दिली, कारण आवृत्ती संपून तीसेक वर्षं झाली होती. मी पहिलं प्रकरण चार वेळा घोकून तयार केलं आणि मंदारच्या घरी पंखा बंद करून, घामाघूम होत वाचलं. मंदार हजीऱ्याला एका कारखान्यात इंजिनियर आहे आणि आवाजातलं आपल्याला कळतं असा त्याचा समज आहे. लोकार्पणाच्या दिवशी अभिजीतरावांनी माझी शाल चुकून केतकीच्या खांद्यावर घातली. केतकी सूत्रसंचालन करत होती आणि माझ्या शेजारी उभी होती, एवढाच तिचा पराक्रम. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला आणि शाल परत मागणं बरं दिसलं नाही. केतकी ती शाल दर हिवाळ्यात पांघरते. सुरतेच्या हिवाळ्यात.

मी घरी येऊन घसा बसल्याचं कळवलं. तो घसा दीड वर्ष बसलेलाच राहिला. पुढची प्रकरणं मी वाचली नाहीत, ध्वनिमुद्रित करणं सोडा, नुसती डोळ्यांनीसुद्धा वाचली नाहीत. दुसऱ्यांना मी नावं ठेवते ते खरं, पण त्या यादीत माझंही नाव आहे.

तक्रारींचा फोन माझ्याकडे होता, कारण तो कुणालाच नको होता. दीड वर्षात तो कधी वाजला नाही. मग जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी वाजला.

"ते पुस्तकवाले ना?" पलीकडून भारदस्त आवाज आला, जरा मोठ्याने, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा.

"हो, बोला."

"मी छगन बोलतो, कोसाडवरून. ताई, तुमचं एक नंबरचं पुस्तक आहे ना, ते पुढे लावा ना."

"पुढे म्हणजे?"

"म्हणजे पुढचं. ती बाई पोराला कडेवर घेऊन घर सोडते. स्टँडवर येते, जी गाडी उभी आहे तिच्यात बसते, पाटी बी नाही वाचत. कंडक्टर विचारतो, कुठलं तिकीट? नी मग बासरी वाजते. ती बाई उतरली कुठे?"

मी म्हणाले, "काम चालू आहे. लवकरच येईल." बँकेच्या खिडकीत बत्तीस वर्षं हेच वाक्य म्हटलं होतं, तोंडात बसलेलं आहे.

"सव्वा वर्ष झालं ताई, मी रोज लावतो," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता, नुसती माहिती देत होता. "आधी वाटलं, रोज थोडं थोडं टाकत असतील. मग वाटलं, माझाच नंबर चुकतो. म्हणून बेचाळीस दुसरी बी लावून पाहिली. सगळी तशीच. पण हीच चांगली आहे. वाचणाऱ्या ताई पण चांगल्या वाचतात. सौ. माधवी सबनीस." आणि मग त्याने ती सात मिनिटांची नावं सुरुवातीपासून धडाधड म्हणून दाखवली, एकही न चुकता. मंदारचं नाव दोनदा आलं तेसुद्धा. ती सगळी यादी पाठ असलेला जगातला तो एकमेव माणूस असणार. अभिजीतरावांनासुद्धा फक्त स्वतःचं नाव पाठ आहे.

"नी त्यात पानाचा आवाज येतो," तो पुढे म्हणाला. "बाकीच्यांत नाही येत. पान उलटलं की वाटतं, कोणीतरी समोर बसून वाचतंय. डोळे गेले ना माझे. शुगरनं."

पानांचा आवाज म्हणजे दोष, असं मंदारने ठरवलं होतं आणि माझ्यानंतरच्या सगळ्या पुस्तकांतून तो खरवडून काढला होता. माझं पुस्तक पहिलं, म्हणून वाचलं.

मी त्याला माझं नाव सांगितलं नाही. सौ. माधवी सबनीस यांना निरोप देते, एवढं बोलून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मंदारकडून फोनांची यादी मागवली. वार्षिक अहवालात अभिजीतरावांनी "हजारावर श्रोते" असं छापलं होतं आणि त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या. यादीत अकराशे चाळीस फोन होते. त्यातले नऊशे साठ एकाच नंबरवरून, कोसाडच्या. उरलेले बहुतेक आमच्याच सभासदांनी आपापला आवाज ऐकायला केलेले होते. म्हणजे आमचा तळागाळ एकच होता आणि त्याचं नाव छगन होतं.

रविवारच्या सभेत मी विषय काढला. म्हटलं, नवीन पुस्तकं थांबवू, आहेत ती पुरी करू. एक माणूस सव्वा वर्ष वाट बघतो आहे.

अभिजीतरावांनी चष्मा पुसला. "माधवीताई, भावना समजतात. पण दुसऱ्या प्रकरणाचा कार्यक्रम कसा करायचा?"

"कार्यक्रम कशाला करायचा?"

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू देवघरात चपला घालून गेले होते. मग केतकी म्हणाली, "त्यांनाच बोलवू या ना वर्धापनदिनाला. लाभार्थी म्हणून. मनोगत व्यक्त करतील." सगळ्यांना ते फार आवडलं. अंध कामगार व्यासपीठावर असला की फोटो चांगला येतो, हे कुणी बोललं नाही, पण चेहऱ्यांवर लिहिलेलं होतं. मंदारने तर त्याच्यासाठी छोटा माइक कुठे लावता येईल याचा विचारही सुरू केला.

"आणि त्याने व्यासपीठावर विचारलं, ती बाई कुठे उतरली, तर?" मी म्हणाले.

"तसं आधी सांगून ठेवू त्यांना," अभिजीतराव म्हणाले. त्यांच्या तोंडावरची माशीसुद्धा हलली नाही.

मी म्हटलं, राहू दे, मी एकटीच पुरं करते. कादंबरीची प्रत तेवढी द्या. तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. कपाट उघडलं. कपाटात त्रेचाळीस लोकार्पणांचे फोटो होते, समया होत्या, उरलेल्या शाली होत्या. पुस्तक एकही नव्हतं.

"अहो, ग्रंथभेट," केतकी हळूच म्हणाली.

मला उलगडायला जरा वेळ लागला. ज्या पुस्तकाचं लोकार्पण, तेच पुस्तक पाहुण्यांच्या हातात द्यायचं, किती औचित्यपूर्ण! त्रेचाळीस वेळा आम्ही पहिलं प्रकरण वाचलं आणि उरलेली सगळी प्रकरणं रंगीत कागदात गुंडाळून, रिबीन बांधून कुणाला तरी देऊन टाकली. आणि त्रेचाळीस वेळा टाळ्या वाजवल्या. त्यातल्या पहिल्या टाळ्यांत मीही होते.

मंगळवारी पुन्हा छगनचा फोन आला. मंगळवार त्याने स्वतःच ठरवून टाकला होता. मागे बायकांचे आवाज येत होते. त्याची बायको कलाबाई आणि गल्लीतल्या चौघी-पाचजणी दुपारी दारात बसून साड्यांचं धागाकटिंग करतात, असं त्याने सांगितलं. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवरून आलेल्या साड्यांचे मागच्या बाजूचे लोंबते धागे कापायचे, ते काम. फोन स्टीलच्या रिकाम्या डब्यात ठेवला की सगळ्यांना ऐकू येतो. त्याही रोज ऐकतात. त्यांचेही तर्क चालतात.

"त्या मला विचारतात. मी म्हणतो, मंडळवाले शिकलेले लोक आहेत, अर्धं नाही सोडणार."

हा टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता.

"तुम्हाला काय वाटतं, कुठे उतरली असेल?" मी विचारलं.

"माझी माय बी अशीच निघाली होती. मी कडेवर होतो, मला आठवत नाही, मावशीनं सांगितलं. साक्रीहून गाडीत बसली नी पुढच्याच फाट्यावर उतरून माघारी आली. बापानं घरात घेतलं. पण त्या दिवसापासून तिला ताटात जेवू नाही दिलं. हातावर भाकर, वर कालवण. पंचवीस वर्षं. मेली तेव्हा घरात तिच्या नावाचं ताट नव्हतं." मग त्याने आवाज मोकळा केला. "म्हणून आपलं विचारतो. ही बाई गेली असेल ना पुढे?"

मी बँकेतली बाई आहे. मला लवकर रडू येत नाही आणि आलं तर आवडत नाही. मी म्हणाले, "छगनभाऊ, पुस्तक शोधते. सापडलं की वाचते." एवढंच, पण या वेळी ते खरं बोलले.

पहिल्या लोकार्पणाचे पाहुणे हजीऱ्याच्या एका कारखान्याचे मोठे अधिकारी होते. महिनाभर खेटे घातल्यावर मंदारच्या ओळखीने त्यांच्या वसाहतीत गेले; छगनचे मंगळवारचे फोन तोवर चालूच होते. साहेबांना कार्यक्रम आठवत नव्हता, मंडळ आठवत नव्हतं, मी तर नाहीच. त्यांच्या पत्नीने एक कपाट उघडून दाखवलं. आत नारळाच्या आकाराच्या चांदीच्या वस्तू, शाली आणि कागदात गुंडाळलेली वीसेक पुस्तकं, एकही न उघडलेलं. प्रत्येकावर चिठ्ठी, कुणाकडून आलं त्याची. आमची चिठ्ठी नव्हती.

"ते कामरेजला दिलं बहुतेक," त्या म्हणाल्या. "तिथे शाळेच्या कार्यक्रमाला हे पाहुणे होते. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

मग कामरेज. शाळेच्या मुख्याध्यापिका पुष्पाबाई मराठीच निघाल्या, धुळ्याकडच्या. त्यांनी मोठ्या अभिमानाने ग्रंथालयाचं कपाट दाखवलं, कुलूप लावलेलं. पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून मुलांना देत नाहीत, असं म्हणाल्या. खालच्या कप्प्यात आमचा निळा कागद, आमची सोनेरी रिबीन आणि त्यावर केतकीच्या अक्षरात "सप्रेम". दोन कार्यक्रम, दोन सत्कार, दोन भाषणं झाली आणि तो कागद कुणी फाडला नव्हता. पुष्पाबाई पुस्तक द्यायला लगेच तयार झाल्या, फक्त एक छोटासा हस्तांतरणाचा समारंभ करू या का, असं विचारत होत्या. मी त्यांच्या हातातून पुस्तक जवळजवळ ओढूनच घेतलं.

बाहेर येऊन पहिलं काम काय केलं असेल तर छगनला फोन. "सापडलं. उद्या दुपारी येऊन तुमच्या दारातच वाचते." पलीकडे त्याने ते मोठ्याने सांगितलं आणि बायकांचा गलका ऐकू आला. मला इतका आनंद झाला होता की बीआरटीएसच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली त्याचंही काही वाटलं नाही. बसल्यावर मी निळा कागद फाडला आणि दुसरं प्रकरण काढलं.

ती बाई पुढच्या थांब्यावर उतरते. दुसऱ्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर. कंडक्टरने तिकीट विचारताच तिला पतीचे थकलेले डोळे आठवतात, तिचा ऊर भरून येतो, आणि ती पोराला घेऊन उन्हातून चालत घरी परत येते. तो तिला क्षमा करतो. लेखकाने "क्षमा" हाच शब्द वापरला आहे. त्यानंतरची दोनशे पानं तिच्या दिराच्या शिक्षणाबद्दल आणि गावच्या निवडणुकीबद्दल आहेत. मी बसमध्येच शेवटपर्यंत चाळलं. शेवटच्या प्रकरणात ती एकदा चहा घेऊन येते. बस.

लेखक वारले आहेत, म्हणून जास्त बोलत नाही. पण ज्या माणसाला बाईला गाडीत बसवता येतं आणि पुढे नेता येत नाही, त्याने लिहू नये. त्यापेक्षा आमच्या मंडळात यावं. आम्ही पहिल्या प्रकरणानंतर शाल घालून थांबवलं असतं.

त्या संध्याकाळी मी दोनदा फोन हातात घेतला, छगनला सांगायला की तब्येत बरी नाही, नंतर येते. घसा बसला आहे, असंही सांगता आलं असतं. पण तो घसा आधीच वापरून झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोसाडला गेले. वसाहतीच्या चारमजली इमारती, खाली ओट्यांवर साड्यांचे गठ्ठे. पत्ता विचारावा लागला नाही, पाचही बायका माझ्याकडेच बघत बसल्या होत्या. हातात छोट्या कात्र्या, मांडीवर साड्या उलट्या पसरलेल्या. छगन भिंतीला टेकून बसला होता, उंच, साठीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची मांडली होती आणि तिच्यावर धुतलेला टॉवेल घातला होता.

"नमस्कार, मी मंडळाकडून," मी सुरुवात केली.

"या माधवीताई," छगन म्हणाला.

मी उभीच राहिले.

"पहिल्याच फोनला ओळखला आवाज. सव्वा वर्ष ऐकतो ना रोज. तुम्ही नाव नाही सांगितलं, म्हटलं, काही कारण असेल. मग मी बी नाही बोललो."

दीड महिना हा माणूस माझ्यापाशी माझ्याच वाचनाचं कौतुक करत होता आणि मी निरोप देते, निरोप देते म्हणत होते. शालीवरून रुसले होते हे कारण मला त्या पाच बायकांसमोर सांगता येईना. मी "माफ करा" म्हटलं. त्याने हात हलवला, जाऊ द्या अशा अर्थाने, आणि खुर्चीवर थोपटलं.

कलाबाई चहा ठेवायला उठत होती. छगनने तिला थांबवलं. "पहिले आयकू दे. च्या मंग."

ती माझ्या खुर्चीजवळ येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, ती माघारी तर नही ना गयी?"

"ऐका तर," मी म्हणाले.

पुस्तक उघडलं. दुसरं प्रकरण, पहिली ओळ, जी खरोखरच छापलेली होती. कंडक्टर विचारतो, कुठलं तिकीट? बायकांच्या कात्र्या थांबल्या. छगनने चेहरा माझ्याकडे वळवला आणि मान थोडी कलती केली, चांगला कान माझ्या बाजूला येईल अशी. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे होते. पतीचे थकलेले डोळे बरोबर तिसऱ्या ओळीला येत होते. मला ती ओळ दिसत होती. मी तिच्याकडे बघत बघत म्हणाले, "शेवटच्या थांब्याचं द्या, ती म्हणाली."

पाचपैकी एकीने श्वास सोडलेला ऐकू आला.

मग मी गाडी पुढे नेली. आयुष्यात मी कधी गोष्ट लिहिलेली नाही, बँकेचा पत्रव्यवहार तेवढा लिहिला आहे. पण त्या लेखकाचा राग इतका होता की वाक्यं आपोआप येत गेली. साक्री मागे पडलं, नवापूर आलं. पोराने पाणी मागितलं, शेजारच्या बाईने आपल्या बाटलीतलं दिलं. सोनगडला अर्धी गाडी रिकामी झाली. व्याऱ्याला ती उठली, उतरावं की काय म्हणून, आणि पुन्हा बसली. इथे कलाबाई पुटपुटली, "बठ, बठ." बारडोलीला ऊस दिसला, कडोदऱ्याला गिरण्यांची धुरांडी. सुरतेला गाडी थांबली तेव्हा ती शेवटची उतरली. गल्लीतल्या बायका तोवर माझ्याकडे सरकल्या होत्या आणि साड्या जमिनीवर पडल्या होत्या. एकजण काही विचारू लागली तर दुसरीने तिला दाबलं, "उगी राहा वं, ताई वाची राहिनी."

तिला सुरतेत कुणी ओळखीचं नव्हतं. स्टँडच्या मागच्या गल्लीत एक म्हातारी खानावळ चालवत होती. म्हातारीने विचारलं नाही की कुठून आलीस, नवरा कुठे आहे. नुसतं म्हणाली, बस. बाई जमिनीवर बसली आणि सवयीने हात पुढे केला, भाकरीसाठी. म्हातारीने तो हात बाजूला सारला आणि तिच्यासमोर ताट ठेवलं. घासलेलं, ओलं, पितळी ताट. त्यात भात, वरण, भाकर, कांदा. पोरासाठी वेगळी ताटली.

मी थांबले. मला पुढचं सुचत नव्हतं आणि थोडं दिसतही नव्हतं.

छगनचा चेहरा तसाच होता. फक्त गुडघ्यावरचे हात मिटले होते. कलाबाई पदराने नाक पुसत चहा ठेवायला आत गेली, आणि तेवढ्यात तो माझ्याकडे वाकला. इतक्या हळू, की एरवी मोठ्याने बोलणारा हाच का तो, असं वाटावं.

"ताई," तो म्हणाला, "पान उलटा मधून मधून. बायांना खरं वाटलं पाहिजे."

मी पान उलटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.